तुमची आजी कोण होती?

(रायगड किनाऱ्यावर झालेल्या युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरातील भाषणाचं संपादित शब्दांकन)



काल रात्री जेवणानंतर तुमच्यातल्याच एकाने मला विचारलं, "सर, उद्याचा विषय युद्धकाळातले ज्यू विद्वान आणि त्यांच्या संस्थांची दप्तरं असा लिहिलाय. पण आपला काय संबंध? आणि आत्ता गाझामध्ये जे चाललंय ते बघून ज्यूंबद्दल ऐकावंसं तरी का वाटावं?" प्रश्न प्रामाणिक होता आणि तो तोंडावर विचारला, याचा मला आनंद झाला. उत्तर रात्रीच देता आलं असतं, पण ते सगळ्यांसमोर द्यावं असं वाटलं. आजचं भाषण म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर समजा.

सुरुवात लांबून नको, इथूनच करू. आपण बसलोय तिथून अलिबाग फार दूर नाही. तिथे इस्रायल आळी आहे आणि त्या आळीत सिनेगॉग आहे. रेवदंड्याला आहे, पेणला आहे. नवगावला समुद्राजवळ बेने इस्रायलांचं जुनं दफनस्थान आहे. त्यांची परंपरा सांगते की जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचून या किनाऱ्याला लागल्या. वाहून आलेले मृतदेह तिथेच पुरले. पुढे ही माणसं तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. आडनावं तुमच्या-आमच्यासारखीच, गावावरून पडलेली. किहीमचे केहीमकर, झिराडचे झिराडकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. घरात मराठी, भजन-कीर्तन मराठीत, प्रार्थना हिब्रूत.

आता आपल्याशी असलेला त्यांचा धागा बघा. त्यांच्या धार्मिक पुढाऱ्यांना ते काजी म्हणत. सिनेगॉगला मशीद म्हणत. मुंबईतलं त्यांचं सर्वांत जुनं सिनेगॉग १७९६ सालचं. ते सॅम्युएल दिवेकर यांनी बांधलं आणि लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत आले. हे दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. त्यांच्या समाजात अशी आठवण सांगतात की, कैद्यांनी आपली जात 'बनी इस्राईल' सांगितली तेव्हा टिपूच्या आईने हे नाव कुराणात आलेलं ओळखलं आणि त्यांचा जीव वाचला. नवस फेडताना ते मलिदा करतात. पोहे, गूळ, खोबरं. मलिदा हा शब्द तुम्हाला कुठल्या दर्ग्यावरून माहीत आहे ते मी सांगायला नको. आणि मुरूडच्या सिद्दी नवाबांच्या जंजिरा संस्थानात शालोम बापूजी इस्रायल नावाचे बेने इस्रायल गृहस्थ दिवाण होते. मुसलमान नवाब, ज्यू दिवाण, बहुसंख्य हिंदू रयत. हाही रायगडचाच इतिहास आहे.

तेव्हा ज्यू म्हणजे टीव्हीवर दिसणारी परकी माणसं, असं निदान रायगडच्या मुलाने तरी म्हणू नये. ते आपले शेजारी होते. थोडे अजून आहेत.

आता युरोपात जाऊ.

रोममध्ये एक विद्वत्सभा आहे, अकादेमिया देई लिंचेई. १६०३ साली स्थापन झालेली, गॅलिलिओ जिचा सभासद होता ती. इटलीत अशा विद्वानांच्या सभा शहरोशहरी होत्या, विज्ञानाच्या, साहित्याच्या, कलेच्या. आपल्याकडच्या एखाद्या साहित्य परिषदेसारख्या किंवा इतिहास संशोधक मंडळासारख्या समजा. सभासदांची यादी असते, वर्गणी असते, कार्यवृत्त असतं, कारकून असतो. अशा संस्थेत काही भयंकर घडेल असं कुणाला वाटत नाही.

१९३८ च्या उन्हाळ्यात मुसोलिनीच्या सरकारने वंशाचा जाहीरनामा काढला. त्याच ऑगस्टमध्ये देशभरातल्या ज्यूंची वेगळी शिरगणती झाली. आणि शिक्षण मंत्रालयाकडून या सगळ्या विद्वत्सभांना एक फॉर्म गेला. प्रत्येक सभासदाने तो भरून द्यायचा. तुमचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. वडिलांकडून तुम्ही ज्यू वंशाचे आहात का? आईकडून? ज्यू पंचायतीत तुमची नोंद आहे का? धर्म कुठला पाळता? सही, तारीख.

बस्स, एवढंच. दारावर पोलीस नाही, लाठी नाही. टपालाने आलेला एक कागद, सोबत संस्थेच्या अध्यक्षांचं अदबीचं पत्र.

कुणी काय केलं? बहुतेकांनी फॉर्म भरून दिला. ज्यू होते त्यांनीही भरला आणि ज्यू नव्हते त्यांनीही. ज्यू नसलेल्यांचा हिशेब सोपा होता. आपल्याला काय, 'नाही' लिहायचं आणि मोकळं व्हायचं. खोटं तर लिहायचं नव्हतं! पण तुम्ही नीट विचार करा. शंभर माणसांनी 'मी त्यांच्यातला नाही' असं लिहून सही केली की उरलेली दहा आपोआप उघडी पडतात. त्यांना शोधायला जावं लागत नाही. ती शंभर माणसं कुणाच्या अंगावर धावून गेली नव्हती. त्यांनी फक्त एक रकाना भरला होता.

एका माणसाने तो रकाना भरला नाही. बेनेदेत्तो क्रोचे, इटलीचा त्या काळातला सर्वांत मोठा तत्त्वज्ञ. तो ज्यू नव्हता. त्याच्या आडनावाचा अर्थच क्रूस. व्हेनिसच्या संस्थेने त्याला फॉर्म पाठवला तेव्हा त्याने अध्यक्षांना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की ज्या वेळी या लोकांचा छळ चालू आहे नेमक्या त्याच वेळी मी उठून 'मी ज्यू नाही हो' असं सांगावं, हे किळसवाणं आहे आणि हास्यास्पदही. त्यापेक्षा मला काढून टाका. क्रोचेला गमवायचं फार नव्हतं असं कुणी म्हणेल. तो सत्तरीला आलेला होता, नाव मोठं होतं. मान्य. पण मग ज्यांची नावं त्याच्याइतकीच मोठी होती आणि तरी ज्यांनी मुकाट्याने फॉर्म भरला, त्यांचं काय?

५ सप्टेंबर १९३८ ला कायदा आला. त्यातलं एक कलम या विद्वत्सभांसाठीच होतं. ज्यू वंशाच्या सभासदांचं सभासदत्व १६ ऑक्टोबर १९३८ पासून संपुष्टात येईल. तुल्लिओ लेवी-चिविता हे नाव विज्ञान शाखेच्या मुलांनी लक्षात ठेवावं. आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षतावाद ज्या गणितावर उभा आहे ते गणित घडवणाऱ्या दोघांपैकी हा एक. त्याची प्राध्यापकी गेली, सभासदत्वं गेली. १९४१ च्या डिसेंबरात तो रोममध्येच वारला. वितो वोल्तेर्रा हा लिंचेईचा माजी अध्यक्ष. त्याला तर आधीच काढलं होतं. १९३१ साली सगळ्या प्राध्यापकांना फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली, तेव्हा सुमारे बाराशे प्राध्यापकांपैकी फक्त डझनभरांनी नकार दिला होता. त्यात वोल्तेर्रा होता.

हे सगळं आपल्याला कसं कळतं? दप्तरांमुळे. भरलेले फॉर्म, पाठवलेली पत्रं, सभासदांच्या यादीवर मारलेल्या रेघा हे सगळं त्या त्या संस्थेच्या कपाटात पडून होतं. कित्येक दशकं कुणी उघडून बघितलं नाही. आपल्या संस्थेची अब्रू जाईल, गेलेल्या थोर माणसांचं नाव खराब होईल, अशी कारणं नेहमीच असतात. मग अन्नालिसा काप्रिस्तो या संशोधिकेने एकेका संस्थेचं दप्तर तपासत शेकडो नावं गोळा केली आणि २००२ साली पुस्तक काढलं. या कामात तिने कुणाला शिव्या दिल्या नाहीत. कुणाला, कुठून, कुठल्या तारखेला काढलं, हे तिने लिहून ठेवलं.

आता ती तारीख पुन्हा आठवा. १६ ऑक्टोबर १९३८. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन फौजांनी रोम ताब्यात घेतलं. आणि १६ ऑक्टोबर १९४३ ला, बरोबर पाच वर्षांनी, शनिवारी पहाटे, पावसात, जर्मन सैनिक रोमच्या ज्यू वस्तीत शिरले. त्यांच्या हातात नावं आणि पत्ते लिहिलेल्या याद्या होत्या. हजाराहून जास्त माणसं, बायका-मुलांसकट, आउशविट्झला गेली. परत आली सोळा.

तारखा जुळल्या हा योगायोग आहे. पण फॉर्मपासून आगगाडीपर्यंतचा रस्ता योगायोगाने तयार झाला नाही. आधी मोजलं, मग सभासदत्व काढलं, नोकरी काढली, मुलांना शाळेतून काढलं, आणि शेजाऱ्यांना त्याची सवय झाली. पाच वर्षांनी दुसरं कुणीतरी आलं तेव्हा याद्या तयार होत्या.

तरीही गोष्ट इथे संपत नाही. ग्विदो कास्तेल्नुओवो नावाचा ज्यू गणितज्ञ होता. त्यालाही वगळलं होतं. ज्यू मुलांना विद्यापीठाची दारं बंद झाली तेव्हा पंचाहत्तरी उलटलेल्या या माणसाने रोममध्ये त्यांच्यासाठी गुपचूप वर्ग चालवले. जर्मन ताब्याच्या काळात तो नाव बदलून लपून राहिला. युद्ध संपलं आणि १९४६ साली तोच माणूस लिंचेईचा अध्यक्ष झाला. ज्या यादीवरून त्याचं नाव खोडलं होतं त्याच यादीच्या शिरोभागी ते आलं.

आता तुम्ही म्हणाल, या काळात मुसलमान कुठे होते? दोन्ही बाजूंना होते आणि दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

सारायेवो शहराच्या संग्रहालयात देर्विश कोर्कुत नावाचे मुसलमान ग्रंथपाल होते. त्यांच्या ताब्यात चौदाव्या शतकातलं एक चित्रमय ज्यू हस्तलिखित होतं, 'सारायेवो हग्गादा'. १९४२ मध्ये जर्मन सेनापती ते मागायला आला. संचालक आणि कोर्कुत यांनी मिळून त्याला चकवलं आणि पोथी लपवली. त्याच वर्षी एका ज्यू मुलीला कोर्कुत पती-पत्नींनी मुसलमान मोलकरीण म्हणून आपल्या घरात ठेवलं आणि तिचा जीव वाचवला. पुस्तक आणि माणूस, दोन्ही सांभाळलं. आणि दुसरी बाजू अशी, की जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी २८ नोव्हेंबर १९४१ ला बर्लिनमध्ये हिटलरला भेटले आणि पुढे नाझींच्या रेडिओवरून प्रचार करत राहिले. कोर्कुत आपले म्हणून मिरवायचं आणि मुफ्ती आपले नव्हेत म्हणून झटकायचं, असं चालणार नाही. दोघंही कलमा पढणारे होते. कुणासारखं व्हायचं ते आपण ठरवायचं असतं.

एक मराठी उदाहरणही सांगतो. इरावती कर्वे १९२७ साली बर्लिनला शिकायला गेल्या. ज्यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं ते ऑयगेन फिशर, वंशशास्त्राचे बडे प्रस्थ. पुढे त्याच संस्थेचे धागे मेंगेलेपर्यंत आणि आउशविट्झपर्यंत पोचले. इरावतीबाईंना काम दिलं होतं कवट्या मोजायचं. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे का, ते बघायचं. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा संबंध दिसत नाही. गुरूला हवं ते उत्तर देणं सोपं होतं. परक्या देशात एकटी, हिंदुस्थानातून गेलेली बाई. पण जे मोजलं तेच लिहिलं. नोंद खरी ठेवणं हीसुद्धा हिंमत असते.

आता परत आपल्या किनाऱ्यावर या. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. ज्यूंचा देश म्हणून गेले. तिथे १९६२ साली त्यांच्याच धर्मपीठाने लग्न नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना काढली, की या लोकांची आईकडची वंशावळ जितकी मागे जाता येईल तितकी तपासा. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, तुमची आजी कोण होती? रायगडातून गेलेल्या माणसांना, ज्यांनी शतकानुशतकं शनिवार पाळला होता त्यांना. त्यांनी आंदोलन केलं, जेरुसलेममध्ये बायका-मुलांसह धरणं धरलं. शेवटी १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ठराव केला की हे सर्व अर्थांनी ज्यूच आहेत, आणि धर्मपीठाला ती सूचना बदलावी लागली. फॉर्म विचारणारा नेहमी परकाच असतो असं नाही, हे यातून शिकायचं. छळ सोसलेल्यांच्या हातातही फॉर्म येतो.

हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. २०१९-२० च्या हिवाळ्यात आपल्या घराघरांत ट्रंका उघडल्या होत्या. दादाचा जन्मदाखला, दादीचं नाव नेमकं काय, शाळेच्या दाखल्यावर 'शेख' आणि रेशनकार्डावर दुसरंच काही. तेव्हा पोटात काय झालं होतं ते आठवा. म्हणून मी म्हणतो की १९३८ चा तो फॉर्म वाचायला मुसलमान मुलाला कुणी दुभाषा लागत नाही.

पण आज मला तुम्हाला फक्त एवढ्यावर पाठवायचं नाही. आपण नेहमीच फॉर्म भरणारे असतो का? आपण कधी फॉर्म देणारे नसतो का?

माझ्या एका खालाचं सांगतो. गावाचं नाव सांगणार नाही. तिने नवऱ्याकडून पोटगी मिळावी म्हणून कोर्टात दावा लावला. जमातीच्या लोकांनी सांगितलं, प्रकरण घरात मिटव. तिने ऐकलं नाही, आणि माझे नाना तिच्या पाठीशी उभे राहिले. पुढच्या बैठकीत जमातीच्या वहीत एक ओळ लिहिली गेली. या घराची वर्गणी पुढील ठराव होईपर्यंत घेऊ नये. बस्स. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. पण वर्गणी नाही म्हणजे दावत नाही, लग्नाला कुणी येत नाही, आणि नाना वारले तेव्हा खांदा द्यायला बाहेरगावचे लोक बोलवावे लागले. ती वही मी मोठेपणी बघितली. अक्षर फार सुंदर होतं. खाली अकरा सह्या होत्या. त्यातले निम्मे लोक नानांचे दोस्त होते आणि मला खात्री आहे, त्यातल्या एकालाही नानांचं वाईट करायचं नव्हतं.

माझ्या खालाचं दुःख आणि आउशविट्झ यांची मी बरोबरी करत नाही. तशी करणं हा मेलेल्यांचा अपमान होईल. मी फक्त त्या सह्यांची बरोबरी करतोय. रोममधल्या शंभर विद्वानांची सही आणि आमच्या गावच्या अकरा भल्या माणसांची सही एकाच शाईची आहे. 'मी काय करणार, सगळ्यांनी केली' ही ती शाई.

या किनाऱ्यावर वाळीत टाकणं हे सगळ्या धर्मांत, सगळ्या जातींत चालत आलंय. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा आहे हे तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? हात वर करा. ... बघा, मोजकेच. हे घरी जाऊन सांगा. आणि याच जिल्ह्याची दुसरी आठवणही सांगा. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांच्या परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जागा दिली. त्यानेही कुणाचा तरी रोष पत्करलाच असेल.

आता कालच्या प्रश्नाकडे येतो. गाझातल्या मुलांसाठी तुमचा जीव तुटतो, तो तुटायलाच हवा. इस्रायलच्या सरकारविरुद्ध बोला, मोर्चा काढा, लिहा, तो तुमचा हक्क आहे. पण त्या रागात हिटलरचा फोटो स्टेटसला ठेवणारा मुलगा मी आपल्याच तालुक्यात पाहिला आहे. त्याने काय केलं ते त्याला माहीत नाही. त्याने त्या रकान्यात सही केली. जो माणूस माणसाला आजीवरून मोजत होता, त्याचा हात त्याने धरला. उद्या तोच गज त्याच्या आजीला लावला जाईल, आणि तेव्हा त्याच्याकडे बोलायला तोंड नसेल. सरकार वेगळं, धर्म वेगळा, शेजारी वेगळा. इतका फरक आपल्याला करता आला नाही, तर आपल्या बाबतीत तो फरक करा असं आपण कुणाला सांगणार?

शेवटी तीन कामं देतो. शिबिर आहे, गृहपाठ असणारच.

पहिलं. आपापल्या गावात बेने इस्रायलांची खूण असेल ती शोधा. घाणा, घर, आळीचं नाव, कबरस्तान. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला होता, तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित कुणीतरी सांभाळलं म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतं. तुमच्या गावचे म्हातारे चाळीस वर्षं थांबणार नाहीत.

दुसरं. आपल्या जमातीच्या, ट्रस्टच्या, मंडळाच्या वह्या वाचायला मागा. कुणाला कधी वगळलं, का वगळलं, हे बघा. भांडायला जाऊ नका, आधी वाचा. जिथे चूक झाली असेल तिथे त्याच वहीत, त्याच अक्षरात, दुरुस्तीचा ठराव लिहून घ्या. आमच्या गावात ती ओळ खोडायला एकवीस वर्षं लागली. खाला तेव्हा हयात होती, नाना नव्हते.

तिसरं. कधीतरी तुमच्यासमोर असा फॉर्म येईल ज्यात तुम्हाला काहीच धोका नसेल. फक्त 'मी त्यांच्यातला नाही' एवढं लिहायचं असेल. ते 'ते' कुणीही असतील, ज्यू असतील, दलित असतील, अहमदिया असतील, परप्रांतीय असतील, तलाक मागणारी तुमची बहीण असेल. पेन हातात घेण्याआधी थांबा आणि विचारा, हा प्रश्न मला का विचारला जातोय?

एवढं केलंत तरी आजचा तास वाया गेला नाही असं मी समजेन.